बारगीर बागबाजारात

"दादा, श्यामबाजार जाबो," मी म्हणालो. हे वाक्य तीस वर्षं तोंडात घोळवून ठेवलं होतं. पिवळ्या टॅक्सीच्या चालकानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिंदी में बोलिए ना. हम समस्तीपुर के हैं."

शरदबाबू मी मामा वरेरकरांच्या मराठीतून वाचले. त्यामुळे बंगाल आपल्याला पाठ आहे अशी माझी समजूत. पुलंनी बंगालीसाठी पन्नाशीत शांतिनिकेतन गाठलं. मला तेवढी गरज वाटली नव्हती. 'अ'चा 'ओ' करायचा, 'व'चा 'ब' करायचा आणि पाणी प्यायच्या ऐवजी खायचं, की आली बंगाली. हिचं म्हणणं, मी तिथे दोन दिवस सर्दी झाल्यासारखा बोलत होतो.

व्हिक्टोरिया मेमोरियल आणि हावडा ब्रिज तुम्ही पाहिलेच असतील, नसतील तर सिनेमात पाहिले असतील. ते सोडू. फुचक्यात रगडा नसतो, बिर्याणीत बटाटा असतो आणि या दोन्हींवरून तिथल्या माणसाशी वाद घालू नये. मी घातला. १८५६ मध्ये अवधचं राज्य गेल्यावर वाजिद अली शाह मटियाबुर्जला येऊन राहिला, त्याच्याच मुदपाकखान्यातून हा बटाटा आला असं सांगतात. एवढं सांगून माझ्या बंगाली सहकाऱ्यानं माझ्या ताटातला बटाटा उचलला. "तुम्हाला नकोच आहे ना," म्हणाला.

पण मी कोलकात्याला गेलो होतो एका गल्लीसाठी. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. ही काय भानगड आहे हे मला सांगू द्या. घरी कोणी ऐकून घेत नाही. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरली. कलकत्त्याचे लोक घाबरले. नवाब अलिवर्दी खानाची परवानगी काढून शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा. तीन मैल खणून होतात न होतात तोच सगळ्यांच्या ध्यानात आलं, की मराठे काही इकडे येत नाहीत. काम थांबलं. त्या खंदकापायी कलकत्त्याच्या रहिवाशांना इंग्रजीत 'डिचर' असं नाव पडलं. पुढे १७९९ मध्ये खंदक बुजवून सर्क्युलर रोड केला, आणि खंदकाचं नाव उरलं एका गल्लीला. आमच्या पेठेतही एक रस्ता अर्धवट खणून ठेवलेला आहे. तो कोणाच्या धास्तीनं खणला, हे मात्र इतिहासाला ठाऊक नाही.

विचार करा, नुसत्या आपल्या बातमीनं तीन मैल जमीन खणली! छाती भरून येणार नाही तर काय? त्या गल्लीच्या पाटीखाली फोटो काढायचा म्हणून मी तीन आठवडे मिशा वाढवल्या होत्या. पाटीखाली जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. हिनं मोबाइल खाली घेतला. "विठोबा दिसताय," म्हणाली. दिवस आषाढाचे होते, तेवढाच आधार.

दुपारी सहकाऱ्याच्या घरी जेवण. त्याच्या आईला, माशीमांना, मी माझ्या बंगालीत गल्लीची हकिगत सांगितली. त्यांना त्यातला एकच शब्द कळला असावा. डोळे मोठे करून त्या म्हणाल्या, "ओ मा! बोर्गी?" आणि मुलाकडे बघून हसायला लागल्या.

बोर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचा घोडा सरकारी, तो बारगीर. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. लॅपटॉप कंपनीचा, गाडी बँकेची, म्हणजे हिशेबानं मी बारगीरच. मी तसं म्हणालोही, आणि सगळे हसले. मग सहकाऱ्यानं सांगितलं, की बंगालात बाळाला झोपवताना एक अंगाई म्हणतात, तिच्यात बोर्गी येतात आणि सारा कुठून भरायचा याचा घोर आहे. आईनं ती त्याला म्हटली होती, त्याच्या मुलीलाही म्हटली. आपल्याकडे बागुलबुवा असतो, तिथे आपण आहोत.

मी पुन्हा हसलो, पण आता एकटाच. शाळेच्या पुस्तकात या स्वाऱ्यांना दोन ओळी होत्या. त्यातली एक बारा लाखांच्या चौथाईची, आणि ती मार्कांना येई म्हणून आम्ही घोकली होती. १७५१ च्या सुमाराला गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. नाव ऐकून वाटतं आपलं कौतुकच असणार. आत आहेत जळणारी गावं, डोक्यावर गाठोडी घेऊन पळणारी माणसं आणि बायकांचे हाल. हे मी जाण्याआधी वाचलेलं होतं. वाचूनही मिशा वाढवल्या होत्या, हे नमूद केलेलं बरं.

ताटात मोहरीतला इलिश होता. इलिशच्या काट्यांना मराठीत शिवी सोडून शब्द नाही. मी पहिल्याच घासाला खोकलो. माशीमा काही न बोलता माझ्या बाजूला येऊन बसल्या, माझं ताट ओढून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक काटा वेचायला लागल्या. मी चोपन्न वर्षांचा आहे. माझी आई गेल्यापासून माझ्या ताटात दुसऱ्या कोणाची बोटं फिरली नव्हती. "खा," त्या म्हणाल्या. त्यांचा 'खा' आणि आपला 'खा' एकच निघाला, तेव्हा मी बंगाली बोलायची थांबवली.

निघताना त्यांनी रसगुल्ल्यांचा डबा दिला. १८६८ मध्ये बागबाजारातच नोबीनचंद्र दासांनी हा रसगुल्ला केला, हे सहकाऱ्यानं बजावून सांगितलं. ओडिशाचा दावा निराळा आहे, आणि आता दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. यावर ही, जिचं माहेर नागपूर, विमानात शांतपणे म्हणाली, "१७५१ च्या तहात ओडिशा आमच्याकडे आला होता. म्हणजे ओडिशाचा असो की बंगालचा, आमचा वाटा आहेच." आणि तिनं डबा उघडला.

डब्यात सोळा रसगुल्ले होते. पुण्याला बारा पोचले.