फोटो दाखवला की गेला!

कळलं का काही? ती अवकाशात स्क्वाड्रन करून राहणारी लढाऊ मंडळी आहेत ना, त्यांचं वळण काही ठीक नाही. ‘स्टार वॉर्स’ घ्या, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ घ्या, नाहीतर जपानी ‘मॅक्रॉस’ घ्या. सगळीकडे तेच दहा-बारा पायलट, तेच पत्त्यांचे डाव, तीच उद्धट उत्तरं. आणि आपल्याकडची शहाणीसुरती, नोकरदार माणसं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हे बघत बसतात! सकाळी डोळे लाल का म्हणून विचारलं, तर म्हणतात, ‘ॲसिडिटी.’ तेव्हा म्हटलं, एकदा सगळं उघडच बोलावं.

आधी नावांचं बघा. आईबापांनी हौसेने ठेवलेली नावं स्क्वाड्रनच्या दारात पाऊल टाकताच खुंटीला! २००३ साली नव्याने आलेल्या ‘गॅलॅक्टिका’त कारा थ्रेसला सगळे ‘स्टारबक’ म्हणतात. ली अडामा म्हणजे ‘अपोलो’. एक ‘रेसट्रॅक’, आणि एक तर चक्क ‘हॉट डॉग’! १९७८च्या मूळ मालिकेत स्टारबक हे त्या पायलटचं खरंच नाव होतं, आणि तो सिगार ओढत बायकांभोवती पिंगा घालणारा पुरुष होता. नव्या मालिकेत त्याची बाई झाली. तो जुना स्टारबक साकारणारा नट डर्क बेनेडिक्ट इतका बिथरला, की त्याने लेख लिहून जाहीर आदळआपट केली. नव्या स्टारबकवर, म्हणजे केटी सॅकहॉफवर, त्याचा परिणाम काय? शून्य. तिनेही सिगार शिलगावला.

बरं, सिगारवर भागलं असतं तरी चाललं असतं. पण या बाईंनी सुरुवातीलाच पत्त्यांच्या टेबलावर कर्नल टाय या वरिष्ठाला ठोसा लगावला! रवानगी कोठडीत. तेवढ्यात शत्रू आला. मग काय, ‘तिच्यासारखं विमान दुसरं कोण उडवणार?’ असं म्हणून काढलं बाहेर. या मंडळींचा कायदाच असा, की हात जितका चांगला, तितकी जीभ सैल सोडायची मुभा. याच गोत्रातला, पण पृथ्वीवरचा नमुना हवा असेल तर १९८६चा ‘टॉप गन’ बघा. टॉवरवाले नको म्हणत असताना मॅव्हरिक त्यांच्या अंगावरूनच विमान घेऊन गेला. आपल्याकडे एखाद्या कारकुनाने साहेबांच्या टेबलावर नुसती फाइल आपटून दाखवावी!

आता खरी आतली गोष्ट सांगते. या मंडळींत मरण कोणाचं जवळ आलंय, ते आधीच कळतं. पायलटने खिशातून बायकोचा किंवा प्रेयसीचा फोटो काढला, की समजावं, गेला. ‘एवढी एक मोहीम, मग कायमचा घरी’ असं म्हणाला, की तो तर गेलाच. आणि खाणं अर्धवट टाकून उठला, तर त्याला देवसुद्धा वाचवत नाही. ही शेवटची खोड फार जुनी. १९२७च्या ‘विंग्ज’ या पहिल्या महायुद्धावरच्या मूकपटात गॅरी कूपर चॉकलेटचा एक तुकडा तोडतो, उरलेलं तिथेच टाकतो, विमान घेऊन वर जातो आणि परत येत नाही. पडद्यावर जेमतेम काही मिनिटं, पण तेवढ्याने त्याचं नशीब फळफळलं. पुढे ५५ वर्षांनी, १९८२च्या ‘मॅक्रॉस’मध्ये पायलट रॉय फोकर जखम लपवून प्रेयसी क्लॉडियाच्या घरी येतो. ती स्वयंपाकघरात त्याच्यासाठी अननसाचं सॅलड करतेय, हा बाहेर गिटार छेडतोय. सॅलड होईपर्यंत खेळ खलास! बिचारीने ते सॅलड कोणाला वाढायचं?

बरं, गेल्यावर सुतक तरी? १९९०च्या ‘विंग कमांडर’ या कॉम्प्युटर गेममध्ये निदान रीतसर अंत्यविधी होता. तुमच्या जोडीचा पायलट पडला, तर सगळे ओळीने उभे राहून त्याला निरोप द्यायचे. १९९९ साली त्यावर सिनेमा निघाला आणि रीत पार उलटली. गेलेल्याचं नाव कोणी काढायचं नाही, जणू तो जन्मलाच नव्हता! अहो, तेरावं नको, पण आठवण काढायलाही बंदी?

विज्ञानाबद्दल तर बोलायलाच नको. अवकाशात हवा नाही, मग ही विमानं वळताना कुशीवर का कलतात? आणि तो कर्कश आवाज कसला? त्या कलण्याचं मूळ ऐकाल तर तोंडात बोट घालाल. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) करताना जॉर्ज लुकसने यानांच्या लढाईची दृश्यं तयार होण्याआधी त्या जागी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या चकमकींची चित्रफीत जोडून ठेवली होती. तिच्याच चालीवर ही यानं उडाली! शत्रूच्या ‘डेथ स्टार’ या अवकाशतळाच्या चरातला तो प्रसिद्ध हल्लाही ‘द डॅम बस्टर्स’ (१९५५) या ब्रिटिश धरणफोडीच्या सिनेमावरून उचललेला. त्या सिनेमाच्या विशेष दृश्यांचं छायाचित्रण करणारा गिल्बर्ट टेलर पुढे ‘स्टार वॉर्स’चाच कॅमेरामन झाला. म्हणजे बघा! ‘बॅबिलॉन ५’च्या स्टारफ्युरी यानांनी तेवढी भौतिकशास्त्राची लाज राखली. पुढे जाता जाता गर्रकन फिरून ती पाठलाग करणाऱ्याकडे तोंड करतात. नव्या ‘गॅलॅक्टिका’च्या वायपर विमानांनीही ते उचललं. बाकीचे आपले कुशीवर.

थोडक्यात, अख्खं खानदान आजोबांच्या वाड्यात फुकट राहतंय. आजोबा म्हणजे पहिल्या महायुद्धातला जर्मन ‘रेड बॅरन’, मानफ्रेड फॉन रिख्तहोफेन. लाल विमान, ८० विजय, आणि २१ एप्रिल १९१८ रोजी वयाच्या पंचविशीतच शेवट. जपानी ‘गंडम’मधला (१९७९) पायलट शार, त्याचं यंत्रही लाल आणि म्हणे तिप्पट वेगाचं. रॉय फोकरचं आडनाव तर सरळ बॅरनच्या फोकर विमानावरून घेतलेलं. आणि वाड्यातले रीतिरिवाज लिहून ठेवले कोणी? मुख्यतः जॉन मंक सॉन्डर्स या अमेरिकन लेखकाने. ‘विंग्ज’ त्याच्या कथेवर. तरुण पोरांना मरायला धाडावं लागणाऱ्या कमांडरचा ‘द डॉन पेट्रोल’ (१९३०) हाही त्याच्याच कथेवर. गृहस्थ स्वतः फ्लोरिडात उड्डाण शिकवत राहिले, आघाडीवर जायला मिळालंच नाही. शंभर वर्षं जग ज्याच्या नियमाने अवकाशात मरतंय, त्याने लढाई पाहिलीच नव्हती!

एवढी नावं ठेवली, पण एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. लेझर खोटे, आवाज खोटे, वळणं खोटी, पण हजेरीपट खरा. धरणफोडीच्या त्या खऱ्या मोहिमेवर १६ मे १९४३च्या रात्री ६१७व्या स्क्वाड्रनची १९ विमानं गेली, १३३ माणसं घेऊन. त्यातली ५३ मेली. अवकाशयुद्धात कोट्यवधी मरतात तेव्हा आपण चिवडा खात बघत असतो. पण दहा-बारा जणांतला, ज्याचं टोपणनाव आपल्याला ठाऊक झालंय असा एक गेला, की घास अडकतो. म्हणून स्क्वाड्रन लहान लागते, आणि म्हणून अर्धं चॉकलेट लागतं. सॉन्डर्सला लढाई दिसली नसेल, हे मात्र बरोबर दिसलं.

खरोखरचा लढाऊ पायलट अवकाशात काय करतो, तेही आपण पाहिलं. हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी निघाले, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहून १५ जुलैला परतले. टोपणनाव होतं, ‘शक्स’. सोबत गाजराचा हलवा आणि मूग डाळीचा हलवा नेला. कोणाला ठोसा नाही, कोणावर लेझर नाही. यावर मालिका काढायला कोण येणार, सांगा!

तेव्हा बघायचंच असेल तर बघा, पण जीव लावताना माणूस पारखून घ्या. फोटोवाला नको, निवृत्तीवाला नको, गिटारवाला तर नकोच. ‘स्टार वॉर्स’मधल्या वेज अँटिलीसला लावा. पहिल्या सिनेमात त्याचा चेहरा डेनिस लॉसनचा, आवाज डेव्हिड अँक्रमचा, आणि हल्ल्याआधीच्या बैठकीत तर तिसराच माणूस बसलेला, पण वेज टिकला. दोन्ही डेथ स्टारच्या लढायांतून सुखरूप आला आणि थेट २०१९च्या सिनेमात पुन्हा दिसला. शिवाय घर चांगलं आहे. लॉसन हा ओबी-वान झालेल्या युअन मॅग्रेगरचा सख्खा मामा.