ऐच्छिक

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. त्या मुहूर्तावर राज्य सरकारने कोरोनाचा मास्क ऐच्छिक केला. कोण म्हणतं, सरकारचा जनतेवर विश्वास नाही! त्याआधी नागपूर महापालिका विनामास्क तोंडाचे पाचशे रुपये घेई. (त्या धाकानेच आमच्या सदर भागातल्या कित्येक हनुवट्या दीड वर्ष अगदी सुरक्षित राहिल्या.) आता ज्याची त्याची जबाबदारी, तीही फुकटात.

लसीकरण मोहिमेत तेव्हा बारा वर्षांखालच्यांना जागाच नव्हती. हा तर दूरदृष्टीचा कळस. ज्याला लस नाही, त्याने स्वतःला सांभाळावे. तीन वर्षांच्या चिमुरडीने मंगळवारी बाजारात काकांचा खोकला ऐकून तो खर्र्याचा की विषाणूचा हे ओळखावे, आणि चार पावले मागे सरावे. स्वावलंबनाचे धडे याहून लवकर मिळतात कुठे?

नम्र सूचना : हेच तत्त्व रेसिडेन्सी रोडवरच्या वाहतुकीला लावावे. ब्रेक ऐच्छिक. पायी चालणाऱ्याने आपली जबाबदारी ओळखून चिलखत घालून निघावे.

पाडव्यानंतर आठवड्याने सदरमध्ये शर्ट घ्यायला गेलो. अख्ख्या दुकानात मास्क एकाच्याच तोंडावर, नीट नाकापर्यंत : काचेतल्या पुतळ्याच्या. मी कौतुक केले.

मालक खोकत म्हणाले, "काढाचाच राहिला ना भाऊ. पुतळ्याचं पाहणारा पोरगा चार दिवसांपासून तापानं पडून आहे."