नाचणगावी स्कोनविचार

स्कोन हा मैदा, लोणी, दूध आणि बेकिंग पावडर यांपासून भट्टीत भाजला जाणारा, मूळचा स्कॉटलंडचा, पावापेक्षा ठिसूळ व बिस्किटापेक्षा मऊ असा पदार्थ असून, नाचणगावात तो घरी करण्याची निकड कोणालाही भासत नसताना प्रस्तुत लेखकाला ती भासली, यात भुकेपेक्षा प्रतिष्ठेचा वाटा मोठा आहे. ज्या वर्धा जिल्ह्यात गाईच्या तुपातला गोरस पाक आयता मिळतो, तेथे स्वहस्ते भाजलेला विलायती पदार्थ पाहुण्यांपुढे सरकवून ‘काही नाही, सहज केले’ असे म्हणण्यातला आनंद पाकशास्त्राच्या प्रकरणात मोडत नाही.

कृतीचे मर्म थंड लोण्यात आहे. लोण्याचे तुकडे वितळू न देता बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळले म्हणजे सुमारे 220 अंश सेल्सिअसच्या भट्टीत त्यांतील पाण्याची वाफ होते, बेकिंग पावडरमधील सोडा व आम्ल मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि या दोहोंच्या जोरावर स्कोन फुगतो. तुपात पाणी जवळजवळ उरलेले नसल्याने ते लोण्याची जागा पुरती घेऊ शकत नाही. परंतु लोणी 35 अंशांच्या आसपास वितळते आणि विदर्भातला मे महिना 45 अंशांवर जातो, तेव्हा ‘लोणी खोलीच्या तापमानाला येऊ देऊ नये’ ही सूचना पाळायची तर खोलीच फ्रिजमध्ये ठेवावी लागेल. दुसरी अट अशी की पीठ मळायचे नाही, कारण मळल्याने ग्लुटेन, म्हणजे गव्हातील प्रथिनांचे चिवट जाळे, बळावते व स्कोन वातड होतो. कणीक तिंबून मऊ करणे ही जेथे सुगरणीची खूण मानतात, तेथे हा उपदेश नवशिक्याला फार मानवतो. त्याला मळता येतच नसते.

विदर्भाला अर्थात भाजणे नवे नाही. जाडसर कणकेचा, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला आणि वरण, तूप व वांग्याच्या भाजीशी खाल्ला जाणारा रोडगा येथे मारुतीच्या नवसालाही चालतो, आणि नवसाचा विषय निघाला की संत एकनाथांचे भारूड टाळणे अशक्य होते. भारूड म्हणजे लोकभाषेतले, सोंगासह सादर होणारे रूपकात्मक पद्य. सोळाव्या शतकातल्या त्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडगा कबूल करते आणि मोबदल्यात सासरा, सासू, नणंदेचे पोर, नवरा अशा सर्वांचा क्रमाक्रमाने बंदोबस्त मागते. देवीपुढे इतकी सुसूत्र यादी क्वचितच कोणी ठेवली असेल. टीकाकार या मंडळींना अहंकार, कल्पना अशा मनोविकारांची रूपे मानतात, आणि तो अर्थ नाथांच्या मनातला आहे यात शंका नाही. तरीही सासरा म्हणजे अहंकार हे एकदा ठरले की त्या बाईच्या पाठीला चुलीपुढे लागलेली रग कोणाच्याच टिपणात येत नाही. नवस फळला, घर रिकामे झाले, तरी रोडग्याची कणीक मळणार कोण, तर तीच. सुटकेची किंमतही तिने परातीपुढे बसूनच चुकवायची, याची चीड विद्वत्तेने झाकावी असे वाटत नाही.

देवळापुढचा रोडग्यांचा सार्वजनिक स्वयंपाक मात्र बहुधा पुरुष करतात, आणि त्याची वाखाणणी पुढचे काही दिवस पारावर चालते. घरातली रोजची पोळी वाखाणली जात नाही. ती करपली तरच तिची नोंद होते. स्कोनकार लेखक याच परंपरेचा वारस असून, त्याच्या घाण्यातून उतरलेले चपटे, कडेने तपकिरी गोळे घरच्यांनी ‘छान झालेत’ असे म्हणत चहात बुडवले, यालाच तो शास्त्रीय मान्यता समजतो. बुडवल्याशिवाय ते चाववत नव्हते, ही बाब त्याने विवेचनाबाहेर ठेवली आहे. परातीला वाळून चिकटलेला मैदा कोणी आणि कशाने खरवडून काढायचा, हे तर स्कोनच्या कोणत्याच कृतीत दिलेले नसते. त्यामुळे ती परात तशीच मोरीत ठेवून लेखक पुढच्या पाककृतीच्या वाचनाला लागला आहे.