नील केलं की नाही?

तळेगाव स्टेशन भागात सध्या दोनच जातीची माणसं उरलीत म्हणे: अंदमानला जाऊन आलेली आणि दिवाळीनंतर जाणारी. "आम्हाला नाही बाई हौस" म्हणणाऱ्यांकडे लोक हल्ली कीव आल्यासारखं बघतात.

बरं, नुसतं पोर्ट ब्लेअर कुणी धरत नाही. "हॅवलॉक?" केलं. "आणि नील?" इथे जो अडखळला तो संपला. "पॅकेजमध्ये नव्हतं हो," असं पुटपुटलेल्या एका सद्‌गृहस्थांची हास्यक्लबातली पत अजून सावरलेली नाही. अहो, हॅवलॉक आणि नील हे 1857 चा उठाव चिरडणारे इंग्रज सेनानी! 1858 पासून त्याच उठावातल्या कैद्यांना तिकडे नेऊन टाकलं. सरकारने 2018 मध्ये बेटांची नावं बदलून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप केली. पण सावरकरांच्या कोठडीसमोर मनापासून डोळे पुसणारी आपली मंडळी बाहेर पडली की विचारतात काय, तर "हॅवलॉकची बोट किती वाजता?"

बोटीचं तर विचारूच नका. डेकवर उभं राहून केस उडवायचे, म्हणून कुणी नवी ओढणी घेतलेली, कुणी फुलाफुलांचा शर्ट. प्रत्यक्षात काय? बंद काचा, गार एसी आणि नंबराच्या खुर्च्या. हॅवलॉकपर्यंत दीड-दोन तास, म्हणजे साधारण पुणे-लोणावळा लोकलएवढे. पण लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी कमरेला पदर खोचणाऱ्या आमच्या रणरागिणी इथे डोळे मिटून गप्प, मांडीवर कागदी पिशवी. "आम्ही घाटातली माणसं, आम्हाला काही लागत नाही," म्हणून गोळी नाकारणारे सर्वांत आधी आडवे झाले, अशी खात्रीलायक खबर आहे.

आणि धक्क्यावर पाय ठेवल्यावर पहिला उद्गार? "अगं, हे तर आपलं दिवेआगर!" लाखभर रुपये घालवून दिवेआगर! परदेशाची हवा खायला निघालेल्यांना हॅवलॉकला उतरावं लागतं गोविंदनगरला आणि नीलला भरतपूरला. पुढे रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर. अख्खं रामायण रिक्षाने उरकतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, गावांना नावं त्यांनी दिली. म्हणून तर थालीपिठाची चौकशी करणाऱ्या काकूंना समोर मासळी-भाताचं ताट दिसतं.

मात्र नीलच्या धक्क्यावरून खाली वाकून पाहिलं, की दिवेआगरवाल्यांचीही बोलती बंद होते. पाण्याचा तळ दिसतो, त्यावर हलणाऱ्या उन्हाच्या रेघा दिसतात आणि मधूनच चट्टेरी मासे सुळकन निघून जातात. मिनिटभर कुणी फोनसुद्धा काढत नाही. तळेगावकरांबाबत ही बातमी खरी मानायला मन धजत नाही, पण तीन वेगवेगळ्या सोसायट्यांतून तिला दुजोरा मिळाला आहे.

पुढचा घोटाळा सूर्याचा. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबरात पाचच्या सुमारास दिवस मावळतो. चारला चहा पिऊन, आवरून, लिपस्टिक लावून राधानगरच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत काळोख! सूर्यास्ताचे फोटो मग शेजारणीकडून मागवावे लागतात. आणि एका बॅगेतून म्हणे विमानतळावर पोवळ्याचे तुकडे निघाले. शिंपले-पोवळी उचलून आणायला तिथे मनाई आहे, हे मार्गदर्शकाने घसा फोडून सांगितलं होतं. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर कान बंद होतात, ही जुनीच व्याधी.

आता कुजबुज लक्षद्वीपची आहे. तिथे जायला परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला. आडकाठी कळल्यावर उत्साह ओसरेल म्हणता? छे! वर्तन चांगलं असल्याचा सरकारी कागद आणि मागे निळं पाणी, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला याहून भारी फोटो कोणता?