कडेवरच्या आरोपीस कारणे दाखवा

प्रति,
चि. आरोपी (कृत्यसमयी वय वर्षे तीन),
मुक्काम रिओ ग्रांदे नदीचा उत्तर काठ, आईच्या कडेवर.

विषय: अमेरिकेत विनापरवाना प्रवेश केल्याबद्दल खुलासा मागवणे.

महोदय,

आपण सीमा ओलांडलीत तेव्हा कडेवर होता आणि बहुधा झोपेत होता, ही सबब ग्राह्य धरता येत नाही. महाराष्ट्रात एसटीचा कंडक्टर कडेवरच्या मुलाचे तिकीट फाडत नाही हे खरे, पण तो साधा कंडक्टर, आणि इथे प्रश्न राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा आहे. आईचा पदर ओढून ‘व्हिसा घेतलास का’ एवढे तरी आपण विचारायला हवे होते. हे फार वाटत असेल, तर अमेरिकेतल्या एका वरिष्ठ इमिग्रेशन न्यायाधीशाची 2015 सालची शपथेवरची साक्ष आठवावी. तीन-चार वर्षांच्या मुलांना आपण इमिग्रेशन कायदा शिकवला आहे, वेळ लागतो पण त्यांना तो समजतो, असे त्यांनी सांगितले होते. पुढे बोभाटा झाल्यावर विधान संदर्भ सोडून घेतल्याची तक्रार त्यांनी केली. साक्षीचा मुद्दा साधा होता: एकट्याने कोर्टापुढे उभ्या राहणाऱ्या मुलांना सरकारी खर्चाने वकील द्यायचा की नाही. उत्तर अर्थातच नाही. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही, हे कॉमन लॉचे जुने तत्त्व, आपल्याकडच्या भारतीय न्याय संहितेतही कलम 20 म्हणून आहे. पण ते पडले फौजदारी. हद्दपारी ही मुळी शिक्षाच नव्हे, असे अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय 1893 पासून मानत आले आहे. आपल्याला शिक्षा नाही, फक्त घर, नोकरी आणि देश सोडायचा आहे. शिक्षा नाही म्हणून वकील नाही.

मी कायदाप्रेमी माणूस असल्याने आपल्याविरुद्धचा पुरावा कायद्याच्याच पुस्तकांतून गोळा करायला बसलो, आणि तिथेच घोटाळा झाला. टेक्सासने 1975 मध्ये कायदा करून आपल्यासारख्या विनापरवाना आलेल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा थांबवला आणि टायलर नावाच्या गावातल्या शाळांनी प्रत्येक मुलामागे वर्षाला 1,000 डॉलर मागायला सुरुवात केली. 15 जून 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी उडवला. आईबापांच्या कृत्याचे ओझे मुलांवर टाकणे न्यायाच्या कल्पनेत बसत नाही, असा न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालाचा आशय. आपण शाळेत गेलात, पिवळ्या बसने गेलात, रोज सकाळी छातीवर हात ठेवून त्या झेंड्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलीत, आणि कोणीही हरकत घेतली नाही. मग 1996 चा कायदा आला. तो कडक म्हणून प्रसिद्ध आहे: 180 दिवसांहून अधिक बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षे परत यायला बंदी, वर्षभराहून अधिक राहिलात तर दहा वर्षे. पण त्यातच एक कलम असे आहे की, अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीचे दिवस या मोजणीत धरायचेच नाहीत. हे कलम कोणा कनवाळू संस्थेने नव्हे, कठोर कायदा करायला बसलेल्या संसदेने घातले आहे. मूल दोषी नाही, हे अमेरिकेच्या न्यायालयाला मान्य, संसदेलाही मान्य. फक्त अठराव्या वाढदिवसाचा केक कापला की त्या रात्रीपासून घड्याळ सुरू होते, आणि निर्दोष मुलाने सहा महिन्यांच्या आत, ज्या देशातले रस्ते त्याला ठाऊक नाहीत तिथे निघून जावे अशी अपेक्षा असते. शिवाय आपण दोषी आहोत हे अनेकांना तोवर माहीतच नसते. पुढे पुलित्झर विजेत्या चमूत गेलेले पत्रकार होजे अँतोनियो वर्गास बारा वर्षांचे असताना फिलिपाइन्सहून आले. सोळाव्या वर्षी वाहन परवान्याच्या खिडकीशी ग्रीन कार्ड घेऊन उभे राहिले, तेव्हा पलीकडच्या बाईने कार्ड उलटसुलट पाहिले आणि हलक्या आवाजात सांगितले की हे खोटे आहे, पुन्हा इथे येऊ नकोस.

यावर सज्जन लोक म्हणतात, रांगेत उभे राहा. सल्ला उत्तम आहे, फक्त रांग दाखवा. चोरवाटेने आलेल्याला देशात राहून सहसा कागद नियमित करून घेता येत नाहीत, आणि कागदांसाठी बाहेर पडला की ती दहा वर्षांची बंदी दारातच उभी. मला आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. अमेरिकेकडे या दुखण्यावर स्वतःचे जुने औषध आहे. 1929 साली तिथे ‘रजिस्ट्री’ची तरतूद झाली: अमुक तारखेच्या आधीपासून इथे राहणारा, चांगल्या वर्तनाचा माणूस कसाही आला असला तरी त्याची कायम रहिवासी म्हणून नोंद करायची. तेव्हा ती तारीख 1921 ची होती. काळ सरकला तशी तारीखही सरकली: 1924, 1940, 1948, आणि रीगन यांच्या कारकिर्दीत 1986 साली ती आली 1 जानेवारी 1972 वर. तिथेच ती गोठली. चौदा वर्षांपूर्वी आलेल्याला माफ करणे रीगनना जमत होते. आज ते कलम अर्धशतकाहून जुन्या रहिवाशालाच उपयोगी पडते. तेव्हा आपल्याला राहू द्यावे ही मागणी क्रांती नव्हे, एका चालू कलमातले वर्ष बदलण्याची ती मागणी आहे.

मुलाला ठेवले तर आईबापांना बक्षीस मिळते, हा आक्षेप मी मनावर घेतला. पण चोरवाटेने आलेल्या आईबापांना, मुलगा उद्या नागरिक झाला तरी, देश सोडून ती दहा वर्षांची बंदी भोगावी लागतेच. आणखी लोंढे येतील म्हणावे, तर लहानपणी आणलेल्यांची हद्दपारी पुढे ढकलणाऱ्या 2012 च्या ‘डाका’ योजनेने 15 जून 2007 नंतर आलेल्या एकालाही आत घेतले नाही. त्यामुळे आज शाळा संपवून बाहेर पडणारी अशी बहुतेक मुले तिच्या कक्षेबाहेर आहेत.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबतो. डाका हा कायदा नव्हता, सरकारचे धोरण होते. केवळ आदेशाने हद्दपारी थांबवता येत नाही, असे ओबामा 2011 मध्ये स्वतःच सांगत होते आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ही योजना आणली. तिच्या वैधतेवर शंका घेणारा प्रत्येक जण परदेशीद्वेष्टा असतो असे मी म्हणणार नाही. पण मग बोट कोणाकडे वळते? डर्बिन आणि हॅच, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, यांनी अशा मुलांना कायम राहू देणारे ड्रीम विधेयक मांडले 2001 साली. डिसेंबर 2010 मध्ये सिनेटमध्ये त्याच्या बाजूने 55 आणि विरोधात 41 मते पडली, आणि तिथल्या नियमाला 60 हवी असल्याने ते पडले. 2017 मध्ये ट्रम्प सरकारने डाका रद्द केली, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे रद्द केले, 2021 पासून टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने नवे अर्ज थोपवले. या सगळ्यात आठ लाखांहून अधिक तरुणांनी कधी ना कधी आपले नाव, पत्ता आणि बोटांचे ठसे सरकारच्या हाती दिले, आणि बदल्यात दोन-दोन वर्षांची मुदत घेतली. वर्गास यांना तीही मिळाली नाही. वयाच्या मर्यादेत बसायला ते चार-साडेचार महिने लवकर जन्मले होते.

आता आमच्या मंडळींबद्दल. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गणेशोत्सवात ‘आम्ही कायदेशीर आलो’ असे अभिमानाने सांगणारे मराठी आईबाप आपल्याकडे नाक मुरडतात, हे मला ठाऊक आहे. त्यांची मुले खरोखरच व्हिसा घेऊन, विमानाने, सीटबेल्ट लावून आली. पण ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या भारतीय बापाचे कार्ड दशके अडकते, आणि मूल एकवीस वर्षांचे झाले की त्याच्या व्हिसातून गळते. दुसरा व्हिसा मिळाला तर ठीक, नाहीतर बालवाडीपासून तिथे वाढलेल्या मुलीने पुण्याचे तिकीट काढायचे. डाकाचा आसरा तिला नव्हताच, कारण 15 जून 2012 रोजी कायदेशीर दर्जा नसणे ही डाकाची अट होती. म्हणजे चोरवाटेने आलेल्या मुलाला सांगायचे की तू नियम मोडलास म्हणून जा, आणि नियम पाळलेल्या मुलीला सांगायचे की तू नियम पाळलास, तरी जा. आपला गुन्हा हेच हद्दपारीचे खरे कारण असते, तर ही मुलगी आपल्याच रांगेत उभी दिसली नसती. आमच्या मंडळींनी आपल्याशी निदान ओळख तरी करून घ्यावी.

आपला खुलासा इंग्रजीत सादर करावा. इंग्रजीची अडचण आपल्याला नसावी, अडचण झालीच तर स्पॅनिशची होईल.

आपला,
एक कायदाप्रेमी

ता. क.: डाकाच्या मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या चार-पाच महिने आधी करावा. ऑनलाइन शुल्क 2024 पासून 555 डॉलर. अर्ज नामंजूर झाल्यास शुल्क परत मिळत नाही.