शंभर वर्षांची अट

मराठी माणूस पूर्वी मसुरीला दोनच कारणांनी जायचा. एक मधुचंद्र आणि दुसरं, भाचा कलेक्टर झाला तर त्याच्या अकादमीचं फाटक बघायला. आता तिसरं कारण निघालंय. मसुरीच्या डोक्यावर लंढौर आहे, तिथल्या बाजारात तो 'अँटिक' घ्यायला जातो.

लंढौरला इतिहास आहे, यात वाद नाही. आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी इंग्रजांनी १८२७ साली इथे छावणी काढली. सोल्जरांमागून मडमा आल्या, मडमांमागून चिनी मातीची भांडी आली. १९४७ला साहेब गेला आणि सामान बाजारात उतरलं. इथवर सगळं खरं. पण त्याला पाऊणशेच्या वर वर्षं झाली, दर उन्हाळ्यात पर्यटक साहेबाच्या किटल्या पिशव्या भरभरून नेतात आणि पुढच्या उन्हाळ्यात फळीवर तितक्याच किटल्या असतात. एवढ्या किटल्या रिचवणाऱ्या माणसाला राज्य करायला सवड कधी मिळाली, यावर कुणीतरी पीएचडी करावी.

डोंगर उतरून मैदानात आलात, तर मुरादाबाद लागतं. तिथे पितळेचं हवं ते घडवतात. रुडकीत मोजणीची यंत्रं बनतात. एव्हरेस्टसाहेबांचं, म्हणजे ज्यांचं नाव शिखराला दिलं त्या जॉर्ज एव्हरेस्टांचं घर मसुरीतच आहे. तेव्हा १८८५ साल कोरलेलं होकायंत्र 'खुद्द एव्हरेस्ट साब का' ठरायला आणखी काय पुरावा हवा? साहेब १८६६ सालीच वारले, ही बारीकसारीक बाब झाली. मोठ्या माणसांच्या वस्तू त्यांच्यामागून येतच राहतात.

गिऱ्हाईक मात्र बघण्यासारखं. कोथरूडच्या ज्या काकूंनी सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ 'घासणार कोण' म्हणून मोडीत घातलं आणि वर स्टीलचे डबे घेतले, त्याच काकू कुठल्याशा मडमेच्या हात धुवायच्या भांड्यासाठी तासभर घासाघीस करतात. सासूबाईंच्या पातेल्यावर हिरवं चढलं की भाजी कळकायची. इथे तेच हिरवं चढलं की किंमत दुप्पट होते. वर काका बजावतात, "घरी नेऊन पितांबरी लावू नकोस हं, इतिहास निघून जाईल!"

आता कायद्याकडे येऊ. १९७२चा पुरावस्तू कायदा म्हणतो, वस्तू शंभर वर्षांची असेल तर ती पुरावस्तू. हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. पुरावस्तू विकायची तर परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे दुकानातल्या कंदिलाला दोन वयं असतात. गिऱ्हाइकापुढे तो दीडशे वर्षांचा, इन्स्पेक्टरपुढे मागच्या दिवाळीचा. आणि बिलावर त्याचं वयच नसतं. तिथे फक्त 'हस्तकला, पितळ, नग १'.

काकांची अडचण पुढेच सुरू होते. काकांनी घेतलेलं ते एव्हरेस्टसाहेबांचं होकायंत्र न्यू जर्सीच्या लेकीने फोनवर पाहिलं आणि "बाबा, मला हेच हवं" म्हणून हट्ट धरला. एअरपोर्टवर अडवू नये म्हणून पुरातत्त्व खात्याकडून दाखला घ्यावा लागतो, की ही वस्तू पुरावस्तू नाही. सोसायटीच्या गणपतीत ज्या होकायंत्रावर काका वीस मिनिटं बोलले, ते आता रुमालात गुंडाळून त्यांनी खात्यातल्या तज्ज्ञांपुढे ठेवलंय. तज्ज्ञांनी भिंग उचललं. काकू ओढणीआड पुटपुटताहेत, "देवा, खोटं निघू दे. पण यांना फार लागेल असं नको."

तज्ज्ञांनी भिंगसुद्धा पुरतं टेकवलं नाही. सही, शिक्का, पुढचा नंबर. काका दाखला हातात घेऊन अजून तिथेच उभे आहेत आणि विचारताहेत, "साहेब, एकदा नीट बघता का?"