प्रानभाई

मीरा रोडच्या नया नगरात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. ‘प्रानभाई’ म्हटलं की पोरं थेट दारापर्यंत सोडतात. सिनेमातल्या प्राणशी संबंध नाही. एनपीएस या पेन्शन योजनेच्या खातेदाराला जो बारा आकडी नंबर मिळतो, त्याला ‘प्रान’ म्हणतात. प्रानभाईंना तो तोंडपाठ आहे. बायकोचा मोबाईल नंबर मात्र बघून सांगतात.

मूळचे रत्नागिरीकडचे. नोकरी क्रॉफर्ड मार्केटला, घाऊक दुकानात हिशेबाची. तिथे पेन्शन कुठली? २००९ च्या मे महिन्यात एनपीएस सगळ्यांना खुली झाली, तेव्हापासून हे साठीच्या तयारीला लागले. साठी अजून बारा वर्षं लांब आहे, पण जिना आत्ताच कठडा धरून चढतात.

मीरा रोडला पेन्शन म्हणजे दुसरी रूम. भाड्यानं चढवा आणि निवांत बसा. “भाडेकरूनं थकवलं तर?” प्रानभाई विचारतात. “बाजार पडला तर?” समोरचा विचारतो. वाद कटिंगचे पैसे कोण देणार इथवर आला की प्रानभाईंना नमाजाची वेळ आठवते.

वलीम्याला बायका पोरींची वयं विचारतात, हे पोरांची. अटल पेन्शनचं दार १८ ते ४० वयालाच उघडं, म्हणून चाळिशीच्या आतला सापडला की संपला. “अठराव्या वर्षी शिरलास तर महिना २१०, साठीनंतर ५,००० घे. चाळिशीला आलास तर त्याच ५,००० साठी १,४५४ मोजशील!” तोवर पोराची बिर्याणी गार. यात त्यांना दमडीचं कमिशन नाही. असतं तर लोकांनी समजून तरी घेतलं असतं.

२०२५ साली ईद नेमकी ३१ मार्चला आली. जुन्या करपद्धतीत एनपीएसवर ५०,००० ची जादा वजावट मिळते आणि प्रानभाईंना १८,००० कमी पडत होते. भाभींची बिल्डिंगमधली भिशी, जिला हे ‘बिनकागदी जुगार’ म्हणतात, त्याच महिन्यात लागली होती.

मी ईद मुबारक करायला गेलो, तर शीरखुर्म्यावर साय धरलेली आणि हे ओटीपीची वाट बघत बसलेले. टीपॉयवर वही उघडी. एनपीएसची खाती, टियर वन आणि टियर टू, समोर नेटके आकडे. त्याखाली निराळ्या अक्षरात, लाल शाईनं:

‘टियर थ्री – १८,०००. लॉक-इन नाही. बकरीदच्या आत परत.’